आमची लेकरं उघड्यावरच आहेत

सध्या शहरात एक नवं खूळ निघालंय. लेकरांना निसर्गात न्यायचं. चार भिंतींत लेकरू कोमेजतं, त्याला मातीत लोळू द्या, झाडावर चढू द्या, पावसात भिजू द्या, म्हंजे त्याची बुद्धी फुलते, असं पेपरात येतं, भाषणात येतं. त्याच्या शाळा निघाल्यात, शिबिरं निघालीत, फिया निघाल्यात. त्या फीचा आकडा ऐकला की पाठीवरची गोणी हलकी वाटायला लागते. ज्या चिखलापायी आमच्या आयांनी आम्हाला बडवलं, तो चिखल आता पावती फाडून मिळतो.

आधीच सांगून टाकतो, या म्हणण्यात खोटं काही नाही. तीन-चार-पाच वर्षांचं लेकरू माती, पाणी, दगड, किडा-मुंगी यांच्यात जे शिकतं ते पाटीवर शिकत नाही. आपलं भांडण दुसरंच आहे. आमची लेकरं पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावरच आहेत. वीटभट्टीवर उघड्यावर, उसाच्या फडात उघड्यावर, गावकुसाबाहेर उघड्यावर. निसर्गात राहून बुद्धी फुलत असेल तर या देशातली सगळ्यात फुललेली बुद्धी आमच्या वस्तीत सापडायला पाहिजे होती. ती तिथं आहेही. पण तिला बुद्धी म्हणतो कोण?

मी खुलताबादचा. आता मुंबईच्या गोदीत काम करतो, पण लहानपण तिथल्या डोंगरावर गेलं. खुलताबाद म्हटलं की लोकांना औरंगजेबाची कबर आठवते, दर्गे आठवतात, भद्रा मारुती आठवतो. 2025 च्या मार्चमध्ये कबरीवरून बोंब उठली तेव्हा तिच्याभोवती पत्रे ठोकायला सरकारला चार दिवस लागले नाहीत. अंगणवाडीच्या गळक्या छपरासाठी एक पत्रा मागून बघा, किती वर्षं लागतात ते कळेल. असो. कबरीच्या पलीकडं, दर्ग्यांच्या मागं, घाटाच्या उतारावर सीताफळीची झाडी आहे, तिच्याबद्दल बोलायचंय. आमची शाळा ती.

सीताफळाचे डोळे उघडले की फळ उतरवायचं, हे आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरीला कळतं. दोन डोळ्यांमधली भेग पांढरी-पिवळी पडली की झालं. आधी तोडलं तर ते दगड होऊन काळं पडतं. बियांची भुकटी डोक्यातल्या उवांवर चालते, पण डोळ्यात गेली तर डोळा जातो, हेही तिला माहीत. दिवाळीच्या आगेमागे रस्त्याच्या कडेला आईशेजारी बसून पाच-पाच फळांचे वाटे लावता लावता तिला पाचाचा पाढा येतो. तरोट्याची पानं सांजेला मिटतात, टिटवी भुईवर अंडी घालते, शेळीनं रुईला तोंड लावलं नाही तरी बाभळीच्या शेंगेसाठी ती मागच्या दोन पायांवर उभी राहते. कोणत्या ओढ्याची वाळू उकरली की हातभर खाली पाणी लागतं. हे कुणी शिकवलं? शेळ्यांनी शिकवलं, भुकेनं शिकवलं.

खाली वेरूळला गेलं तर तिथली पोरं परदेशी पाव्हण्यांच्या मागं दगड घेऊन धावतात. काळा कातळ फोडला, विहीर खणली की त्याच्या पोटात पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक निघतात. पोराच्या खिशात ते असतात. हा कातळ म्हंजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, त्यातल्या हवेच्या फुग्यांत पाणी झिरपून हे खडे जमले, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर ते पोर भूगर्भशास्त्राच्या वर्गात जाऊन बसलं असतं. त्याला फक्त एवढंच शिकवलं गेलं की गिऱ्हाईक निघून चाललं की भाव अर्ध्यावर आणायचा.

मुंबईतही तेच. शिवडीच्या खाडीवर थंडीत फ्लेमिंगो येतात. मोठाल्या कॅमेऱ्यांची माणसं भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलात बघत येतात. झोपडपट्टीतलं सहा वर्षांचं पोर नुसत्या चिखलाच्या वासावरून सांगतं, काका, अजून तासभर थांबा. त्या पोराला त्या तासात कुणी पक्ष्याचं नाव सांगत नाही, आणि त्याचंही नाव कुणी विचारत नाही.

आमच्या शाळेत (नाव कशाला घेऊ, सगळ्या सारख्याच) प्रश्न यायचा, झाडांचे उपयोग लिहा. उत्तर ठरलेलं. झाडे आपल्याला सावली देतात, फळे देतात, प्राणवायू देतात. माझ्या बाकावरच्या एकानं लिहिलं, बाभळीचा डिंक विकता येतो, काटा पायात मोडला तर रुईचा चीक लावतात. त्याला शून्य. पुस्तकातलं झाड वेगळं आणि आमचं झाड वेगळं. मुंबईत एका काव्यवाचनाला एक समीक्षक मला म्हणाले, तुमच्या कवितेत निसर्ग नाही हो. नाही कसा? पण आम्हाला झाड दिसायच्या आधी झाडाचा मालक दिसतो. चिंचेवर चढलेलं आमच्या वस्तीतलं एक पोर बांधावरून दगड मारून खाली उतरवलं गेलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. कवितेत आधी तो दगड येतो. चिंच मागाहून येते.

निसर्ग सगळ्यांचा असतो ही थाप कुणी मारली?

खुलताबादहून औरंगाबादकडं, म्हंजे आता छत्रपती संभाजीनगरकडं निघालं की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. 1934 साली बाबासाहेब आपल्या तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते. रस्त्याच्या धुळीनं तोंडं माखलेली. किल्ल्याच्या वेशीबाहेर पाण्यानं भरलेलं एक तळं, भोवती दगडी फरसबंदी. त्यांनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. झालं, ढेडांनी तळं बाटवलं म्हणून ओरडा उठला. निजामाचं राज्य, ओरडणारे मुसलमान, पण शिवी अगदी हिंदू. शेवटी किल्ल्यात जायला मिळालं ते कुठल्याही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. परदेशात शिकून आलेला, महाडचं चवदार तळं 1927 ला जागं करून आलेला हा माणूस. त्याच्या तोंडावरचं चार ओंजळी पाणी सरकारी पहाऱ्यात मोजलं गेलं. शिबिरवाले म्हणतात लेकरांना पाण्यात खेळू द्या. कोणत्या पाण्यात, ते आधी सांगा.

हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख देतो. 25 सप्टेंबर 2019. मध्य प्रदेशातलं भावखेडी गाव, शिवपुरी जिल्हा. दलितांची दोन लेकरं, एक बारा वर्षांचं, एक दहा. सकाळी उघड्यावर शौचाला बसली म्हणून काठ्यांनी ठार मारली. तीही निसर्गातच होती.

आता खुलताबादच्या दुसऱ्या अंगाला, वेरूळला उतरू. लेण्यांत पहिली बारा आपली, बुद्धाची. दहाव्या लेण्यात सगळे जातात, फोटो काढतात. पाचव्यात कोण फारसं थांबत नाही, कारण तिथं नक्षी कमी. लांबच लांब एक दालन, शंभरावर फूट आत गेलेलं, आणि मधोमध कातळातूनच कोरलेल्या दोन बुटक्या बाकांच्या रांगा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिक्खू समोरासमोर बसून इथं पठण करत असतील, नाहीतर जेवत असतील. जाणकार दोन्ही सांगतात. दोन्ही केलं असेल. समोर भिंत नाही, उघडा डोंगर. पावसाळ्यात तिथून बाहेर बघा, पुढं सगळं हिरवं आणि पाण्याचा आवाज.

या लेण्याला लोक काय म्हणतात? महारवाडा. पावसाळ्यात आसपासची महार मंडळी तिथं आसऱ्याला यायची म्हणून नाव पडलं. गोऱ्या साहेबांच्या पुस्तकात नाव गेलं, अजून चालू आहे. ज्यांनी ठेवलं त्यांनी हिणवायला ठेवलं असेल. मी म्हणतो राहू द्या. दगडात कोरलेला उघड्यावरचा एवढा मोठा वर्ग दुसऱ्या कोणत्या वाड्याच्या नावावर आहे, दाखवा.

म्हंजे डोंगरात, झाडाखाली, उघड्यावर शिकणं ही काही फी भरणाऱ्यांची अक्कल नव्हे. आणि नव्या काळातसुद्धा ती कुणासाठी निघाली ते बघण्यासारखं आहे. लंडनात थेम्स नदीच्या काठी डेप्टफर्ड नावाची कष्टकऱ्यांची वस्ती, माझ्या धंद्याची, गोदीची. रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी तिथं 1914 साली पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी बागेत उघडी शाळा काढली. कोंदट खोल्यांत खोकणारी मजुरांची पोरं होती ती. त्यांना आंघोळ, दूध, ऊन आणि माती. या सगळ्याचं मूळ तिथं आहे. पुढं ते श्रीमंतांनी उचललं आणि बिलाबरोबर परत पाठवलं.

आपल्याकडं ते काम बोर्डीत झालं, मग कोसबाडला. ताराबाई मोडकांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालवाडी काढली. त्या आधी भावनगरात गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसोरीचं काम करून आलेल्या. सोबत अनुताई वाघ, तेराव्या वर्षी लग्न आणि लगोलग विधवा झालेली बाई. बामणाच्या बाया म्हणून नाक मुरडायच्या आधी ऐका. गावातल्या बालवाडीत वस्तीवरची लेकरं येईनात. तेव्हा या बायांनी लेकरांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलली आणि वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. माँटेसोरीचं महागडं सामान परवडेना तर बिया, पानं, शिंपले, खडे मांडले. आधी आंघोळ, मग खाऊ, मग गाणं.

पुढं 1957 च्या सुमारास त्या कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांत गेल्या. तिथं दुसरीच अडचण. पोरं गुरांमागं कुरणात. शाळेची घंटा वाजली तरी गुरं सोडून येणार कशी? गुरं सोडली तर मार. मग शिक्षिका कुरणात गेली. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली, अक्षर मातीत. तिचं नाव कुरणशाळा. हा एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. शाळा ज्याच्याकडं चालत गेली असं एक गुराख्याचं पोर, आणि शाळेनं ज्याला गोणपाटावर वेगळं बसवलं असं एक साताऱ्याचं पोर, तहान लागली तरी नळाला हात न लावता येणारं. त्या दुसऱ्या पोरानं पुढं देशाची घटना लिहिली. पण सगळी गोणपाटं तिथवर पोचत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बोर्डीत बालवाडी निघाली त्याच 1945 साली, त्याच मुलखात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेनं वारल्यांची वेठ मोडली. जमीनदाराच्या दारात फुकट राबणं बंद झालं. लाल बावटा आधी आला आणि कुरणशाळा नंतर. बाप वेठीला असता तर पोरालाही मातीत अक्षर काढायला सवड नव्हती. शिक्षणवाल्यांच्या व्याख्यानात पुष्कळदा ही अर्धी गोष्ट गळते.

पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली, 33 ठिकाणांपासून सुरुवात. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, अंगण मागं राहिलं. आता अंगणवाडी म्हंजे बहुतेक ठिकाणी एक खोली, एक वजनकाटा, रजिस्टरांची चळत आणि खिचडी. ताईनं शिकवायचं कधी? मोबाईलात माहिती भरायची, वजनं घ्यायची, घरोघर फिरायचं आणि मानधनासाठी 2023 च्या डिसेंबरात संपावर बसायचं. पगार म्हणायचं नाही त्याला, मानधन म्हणायचं. जसं आमच्या हजेरीला बक्षीस म्हणावं.

आणि कायदा? शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. सहाच्या आतल्या लेकरांसाठी सरकारनं प्रयत्न करावा, एवढंच. सगळे पंडित सांगतात की बुद्धीचा पाया सहाच्या आत पडतो. मग पाया ज्याचा त्यानं घालायचा आणि हक्क मात्र भिंतीपासून चालू, हे कोणतं बांधकाम?

याचा हिशोब उसाच्या फडात बघायला मिळतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्या मराठवाड्यातून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरू कोयत्यात मोजत नाहीत, पण ते सोबत असतंच. पहाटेच्या थंडीत फडाच्या कडेला चिंध्यांवर निजतं, उठलं की वाढं गोळा करतं, धाकट्याला सांभाळतं. चार-पाच महिने आभाळाखाली. निसर्गाचा याहून मोठा वर्ग कोणता? साखरशाळा निघाल्या आणि बऱ्याच बंद पडल्या, त्याही मोठ्या पोरांसाठी. गावची अंगणवाडी गावात, लेकराचं नाव तिथल्या रजिस्टरात, लेकरू इथं उसात. कुरणात शाळा जाते तर फडात का जात नाही? कारखान्याचा ट्रक फडात जातो, मुकादमाची उचल जाते, मतं मागायला गाडी जाते.

आता आपल्यातलेच काही शहाणे म्हणतील, तू त्यांच्या हातात काठी देतोयस. उघड्यावरची शाळा चांगली म्हणालास की सरकार म्हणेल, बरं झालं, यांना झाडाखाली बसवा, इमारतीचा खर्च वाचला. ही भीती खरी आहे. 2017 च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरवलं. 2023 ला विसाच्या आतल्या शाळांना गोळा करून समूह शाळा करायचं पत्रक निघालं. वाडी-वस्तीवरची, तांड्यावरची लेकरं आता बसनं जावोत म्हणे. अशा सरकारपुढं निसर्गशिक्षण हा शब्द जपूनच उच्चारला पाहिजे. जुन्या काळी आपल्याला सूतकताई आणि झाडू शिकवून स्वावलंबी करणारे महात्मे झाले.

म्हणून मी छप्पर सोडायला सांगत नाही. छप्पर पाहिजे, पक्कं पाहिजे, नळ पाहिजे, संडास पाहिजे, सूक्ष्मदर्शक पाहिजे. आणि त्याच्या दाराबाहेरचं कुरणही पाहिजे. ज्याच्याकडं दोन्ही आहे तोच आज चिखल विकत घेतोय. आमच्यापुढं मात्र कायम निवड टाकली जाते. हे घ्या नाहीतर ते घ्या.

कुरणाचंही सांगतो. गायरान ही मराठवाड्यात नुसती गुरं चारायची जागा नाही, आपल्या भूमिहीनांनी घाम गाळून कसलेली जमीन आहे. दादासाहेब गायकवाडांच्या 1964 च्या सत्याग्रहात माणसं त्यासाठी तुरुंगात गेली. 14 एप्रिल 1990 पर्यंतची कसवणूक कायम करू असं सरकारनं लिहून दिलं, तरी सातबारे अजून कित्येकांच्या हातात नाहीत. वर 2022 ला कोर्टातून अतिक्रमणं काढायचा बडगा, आणि आता सौर प्रकल्पाच्या नावानं गायरानात पॅनेल. तार पडली की शेळी गेली, शेळी गेली की पोराचं फिरणं गेलं. लेकरांना निसर्ग द्या म्हणणाऱ्यांनी एकदा तरी गायरानाच्या मोर्चात यावं. झाडाला मिठी मारायची शिबिरं तिथं फुकट घेऊ.

सरकार देईल तेव्हा देईल, त्यासाठी भांडत राहूच. पण खुलताबाद, वेरूळ, सुलीभंजन, म्हैसमाळ, कागजीपुऱ्याच्या आपल्या पोरांना माझं एक सांगणं आहे. दहावी-बारावी होऊन चौकात बसलेले तुम्ही पुष्कळ आहात. जयंतीच्या वर्गणीला तुम्ही दारोदार फिरता. तसंच आठवड्यातून एक सकाळ वस्तीतली सहाच्या आतली लेकरं गोळा करा. दोन आया सोबत घ्या, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त झाडं ओळखू येतात. पाण्याचा हंडा घ्या, एकच, एकाच पेल्यानं सगळ्यांनी प्यायचा. मराठ्याचं पोर आलं, मुसलमानाचं आलं, पारध्याचं आलं तर त्याच पेल्यानं. लेकरांना काही शिकवू नका. पहिले चार आठवडे फक्त विचारा, हे काय, ते काय, तुला कसं ठाऊक. जे सांगतील ते वहीत लिहा आणि पोराचं नाव खाली लिहा. पाचव्या आठवड्यात ती वही घेऊन अंगणवाडीत जा, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, मास्तरांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, परीक्षा यातून काढा.

मग एकदा त्यांना पाचव्या लेण्यात न्या. त्या बाकांवर समोरासमोर बसवा, तिथंच भाकरी सोडा. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, तुमचं मात्र लागेल. आणि मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.